ओसाकात तीन दिवस खायचं कसं?

ओसाकाला केवळ खाण्यासाठी जायचं असं एकदा ठरलं, की यादी फुगायला वेळ लागत नाही. कुणी ताकोयाकीचं दुकान सुचवतं, कुणी सुशीचं, कुठल्याशा व्हिडिओत शेगडीवर भाजलेला खेकडा दिसतो, आणि बघता बघता तीन दिवसांसाठी तीस ठिकाणं जमा होतात. पण पोट एकच असतं. तीन दिवसांत नीट बसून घेतलेली जेवणं सहा-सात होतात. मधल्या वेळी थोडंफार चरणं होतं, तेवढंच. त्यामुळे बेत आखायचा म्हणजे आधी काय सोडायचं ते ठरवायचं.

पहिली काट शेजारच्या शहरांवर मारावी. ओसाका स्थानकातून जलद लोकल अर्ध्या तासात क्योतोला पोचते, कोबेला त्याहूनही लवकर. ‘एवढं जवळ आहे तर तेही करून टाकू’ असं प्रत्येकाला वाटतं. पण जाण्या-येण्यात नेमकी जेवणाची वेळ जाते, आणि संध्याकाळी ओसाकात परतल्यावर पायांत त्राण उरत नाही. क्योतोला पुढच्या खेपेला स्वतंत्र जावं. ते शहर त्या मानाचं आहे. याला मला एकच अपवाद मान्य आहे, तो शाकाहारी मंडळींसाठी. त्याबद्दल पुढे सविस्तर सांगतो.

मग उरलेल्यातून निवडायचं कशावरून? ओसाकापुरतं याचं उत्तर एका पातळ, फिकट सोनेरी पाण्यात आहे. त्याला दाशी म्हणतात. कोम्बू हे समुद्रातलं वाळवलेलं शेवाळ आणि कात्सुओबुशी, म्हणजे शिजवून, धुरावून, लाकडासारखा कडक होईपर्यंत वाळवलेला बोनिटो मासा, या दोन गोष्टींपासून ती होते. कोम्बूची पट्टी गार पाण्यात भिजत घालायची, पाणी हळूहळू तापवायचं, उकळी फुटण्याआधी पट्टी काढून घ्यायची. मग माशाचे कागदासारखे पातळ काप टाकायचे, मिनिटभर थांबायचं आणि गाळायचं. एवढीच कृती. ना फोडणी, ना मसाला. पण ओसाकातल्या बहुतेक पदार्थांखाली हे पाणी असतं: उदोनच्या वाडग्यात, अंड्याच्या गुंडाळीत, उकडलेल्या भाज्यांत, ताकोयाकीच्या पिठातसुद्धा.

गंमत अशी की कोम्बू ओसाकाच्या आसपास होत नाही. ते येतं जपानच्या उत्तर टोकाकडून, होक्काइदो बेटावरून. अठराव्या-एकोणिसाव्या शतकात ‘कितामाएबुने’ नावाची मालवाहू गलबतं होक्काइदोहून जपानच्या पश्चिम किनाऱ्याने खाली यायची, शिमोनोसेकीच्या सामुद्रधुनीतून वळून आतल्या समुद्रात शिरायची आणि ओसाकाला माल उतरवायची. येताना कोम्बू आणि सुकवलेले हेरिंग मासे, जाताना तांदूळ, मीठ, साके, कापूस. ओसाका तेव्हा देशाची बाजारपेठ होती. निरनिराळ्या सरदारांच्या तांदळाची कोठारं इथल्या कालव्यांच्या काठी होती, आणि दोजिमाच्या तांदूळबाजाराला शोगुनच्या सरकारने १७३० मध्ये अधिकृत मान्यता दिली. जगातल्या पहिल्या वायदेबाजारांत त्याची गणना होते. ‘देशाचं स्वयंपाकघर’ ही ओसाकाची जुनी ओळख या घाऊक व्यापारातून आली. उत्तरेचं उत्तम कोम्बू इथे मुबलक मिळू लागलं, इथलं पाणी मृदू असल्याने कोम्बूचा अर्क त्यात छान उतरला, आणि शहराच्या जिभेला तीच चव लागली.

त्या चवीचं रसायनही जपानमध्येच उलगडलं. तोक्योच्या शाही विद्यापीठातले रसायनशास्त्रज्ञ किकुनाए इकेदा यांनी १९०८ मध्ये कोम्बूतून ग्लुटामेट वेगळं काढलं आणि गोड, आंबट, खारट, कडू यांच्यापलीकडच्या या चवीला ‘उमामी’ हे नाव दिलं. पुढे १९१३ मध्ये कात्सुओबुशीतला इनोसिनेट हा घटक सापडला. हे दोन्ही एकत्र आले की चव नुसती बेरजेने नाही, कित्येक पटींनी वाढते. स्वयंपाक्यांना ते आधीपासून ठाऊक होतंच. प्रयोगशाळेने कारण सांगितलं.

म्हणून पहिलं जेवण कित्सुने उदोनचं असावं. मोठ्या वाडग्यात जाड, मऊ गव्हाच्या शेवया, वर साखर-सोयामध्ये मुरवलेला तळलेल्या तोफूचा पसरट तुकडा, थोडी हिरवी कांद्याची पात. रस इतका फिकट, की वाडग्याचा तळ दिसावा. तोक्योत हाच रस गडद तपकिरी असतो. ओसाकाकडे फिक्या रंगाचा सोया सॉस वापरतात, ह्योगो प्रांतातल्या तात्सुनोचा; रंगाने तो फिका असला तरी मीठ त्यात गडद सॉसपेक्षा जास्त असतं. आधी नुसता रस प्यावा, दोन-तीन घोट. मग तोफूचा एक घास घ्यावा. दाताखाली तो दबला की गोडसर पाणी सुटतं आणि रसात मिसळतं. त्यानंतरचा प्रत्येक घोट थोडा वेगळा लागतो. हा पदार्थ मिनामी-सेन्बा भागातल्या १८९३ पासून चालत आलेल्या एका दुकानात जन्मला असं मानलं जातं, आणि ‘उसामितेइ मात्सुबाया’ नावाचं ते दुकान आजही उदोन वाढतं. पहिल्या दिवशी ही चव ओळखीची झाली, की पुढचे दोन दिवस बाकीच्या पदार्थांत ती आपोआप सापडत जाते.

ताकोयाकीकडेही याच नजरेने बघावं. दोतोन्बोरीच्या कालव्याजवळ कुठल्याही गाड्यापुढे पाच मिनिटं उभं राहिलं तर सगळी कृती दिसते. आपल्या अप्पेपात्रासारखाच खळग्यांचा लोखंडी तवा, फक्त खळगे लहान आणि कितीतरी जास्त. पीठ मात्र अप्प्याच्या पिठाहून फार पातळ: मैदा, अंडं आणि भरपूर दाशी. कारागीर ते खळग्यांच्या काठांवरून वाहील असं ओततो, सगळा तवा एकसंध पांढरा होतो. प्रत्येक खळग्यात ऑक्टोपसचा तुकडा पडतो, वर तळणीतला पिठाचा चुरा, लाल आलं, कांद्याची पात. कडा धरू लागल्या की तो टोकदार सळईने खळग्यांमधल्या पिठावर आडव्या-उभ्या रेघा ओढतो, प्रत्येक गोळा पाव वळसा फिरवतो, बाहेर सांडलेलं पीठ आत कोंबतो, पुन्हा फिरवतो. सळई क्षणभर थांबत नाही. बाहेरून पातळ पापुद्रा धरतो आणि आतलं पीठ मुद्दाम ओलं, जवळजवळ वाहतं ठेवतात. ते कच्चं राहिलेलं नसतं. दाशीमुळेच ते तसं मऊ राहतं. गोळा अख्खा तोंडात टाकू नये, टाळू भाजते. काडीने भोक पाडून वाफ जाऊ द्यावी.

ताकोयाकीचा उगम १९३५ चा, आइझुया या दुकानातला सांगतात. तिथे आधी गाईच्या मांसाचे तुकडे घालून असे गोळे करत. शेजारच्या आकाशी गावात ऑक्टोपस घालतात हे एका गिऱ्हाइकाकडून कळलं आणि पदार्थ बदलला. आइझुयात अजूनही ताकोयाकी बिनसॉसची देतात. माझा आग्रह आहे की पहिली अशीच खावी. सॉस आणि मेयोनीज वरून ओतलं की ओसाकातली आणि इतर कुठलीही ताकोयाकी सारखीच लागते.

यानंतर दोन जेवणं ठरलेली समजा. ओकोनोमियाकी हे कोबी, किसलेला डोंगरी कंद, अंडं आणि पीठ एकत्र कालवून तव्यावर थापलेलं जाड धिरडं. हिरोशिमात त्याचे थर रचतात, ओसाकात सगळं मिसळतात. बऱ्याच ठिकाणी तवा तुमच्याच टेबलात असतो. छोट्या उलथन्याने कापून तिथूनच खायचं. दुसरं, कुशिकात्सु: काडीला टोचून, पावाच्या चुऱ्यात घोळवून तळलेले मांसाचे, माशांचे, भाज्यांचे तुकडे. त्यासाठी शिनसेकाई भागात जावं. १९१२ मध्ये वसवलेल्या या वस्तीत त्सुतेनकाकू मनोरा आहे. पहिला मनोरा दुसऱ्या महायुद्धात गेला, आजचा १९५६ चा आहे. १९२९ पासूनचं ‘दारुमा’ दुकान इथलंच. सामाईक सॉसच्या डब्यात काडी एकदाच बुडवायची, उष्टी पुन्हा घालायची नाही, हा इथला कडक नियम. सॉस कमी पडला तर कोबीच्या पानाने काढून घ्यावा. कोविडनंतर पुष्कळ दुकानांनी डबा काढून बाटल्या ठेवल्या आहेत.

कुरोमोन बाजाराबद्दल मात्र सावध राहा. साधारण ५८० मीटर लांबीचा हा छताखालचा बाजार पूर्वी खरोखर शहरातल्या स्वयंपाक्यांचा होता. आता तिथे पर्यटकांसाठी भाजलेले खेकडे आणि गोमांसाच्या काड्या चढ्या भावात विकतात. सकाळी जाऊन मासळी, लोणची, फळं बघावीत, जेवण तिथे करू नये. त्याऐवजी संध्याकाळी तेन्मा गाठावं. तिथला तेन्जिनबाशिसुजी हा सुमारे अडीच किलोमीटरचा छताखालचा रस्ता जपानमधला सर्वांत लांब बाजाररस्ता समजला जातो, आणि त्याच्या पोटगल्ल्यांत उभ्याने खायची, दहा-बारा माणसांची छोटी दुकानं आहेत. कामावरून सुटलेले लोक तिथे येतात. भाव फळ्यावर लिहिलेले असतात आणि गर्दी त्या शहराची असते.

वेळेचं गणित इथे फार महत्त्वाचं, आणि घाईत तेच विसरलं जातं. ओसाकाचं घड्याळ आपल्यापुढे साडेतीन तास असतं. तिथे संध्याकाळचे सात वाजतात तेव्हा आपल्या पोटाचे साडेतीन वाजलेले असतात, भूक नसते. तिथे रात्री साडेअकराला आपल्याला कडकडून भूक लागते, तेव्हा चांगल्या दुकानांच्या चुली विझलेल्या असतात. पहिल्या संध्याकाळी म्हणून मोठं, आधी आरक्षण केलेलं जेवण ठेवूच नये. हलकं उदोन, थोडी भटकंती, लवकर झोप. मुंबईहून जाताना बहुधा बँकॉक, सिंगापूर किंवा हाँगकाँगला विमान बदलावं लागतं, त्याचाही शीण असतोच. समुद्रात भराव घालून बांधलेल्या कान्साई विमानतळावरून नान्काई रेल्वे पाऊण तासात ओसाकातल्या नाम्बा भागात आणते. मुक्कामही नाम्बाच्या आसपास करावा. वर सांगितलेली बरीच ठिकाणं तिथून पायी किंवा मेट्रोच्या दोन-चार स्थानकांवर आहेत.

दुपारचं जेवण साधारण साडेअकरा ते दोन, रात्रीचं पाचपासून पुढे. मधल्या वेळात लहान दुकानं बंद असतात, आणि ‘शेवटची ऑर्डर’ बंद होण्याच्या अर्धा तास आधी घेतात. आठवड्याची सुट्टी दुकानागणिक वेगळी, ती आधी पाहून ठेवावी. महागड्या उपाहारगृहात जायची हौस असेल तर दुपारी जावं. तोच स्वयंपाकी, तीच भांडी, पण ठरावीक थाळीचे पैसे रात्रीच्या मानाने पुष्कळ कमी. आरक्षण हॉटेलच्या स्वागतकक्षाकडून करून घेता येतं. ते केलं तर पाळावं. आठ खुर्च्यांच्या दुकानात दोन माणसं आली नाहीत तर त्या रात्रीचा पाव धंदा बुडतो. बक्षिशी द्यायची पद्धत नाही. मद्यगृहवजा इझाकायात बसल्या बसल्या न मागता एक वाटी समोर येते, ती बैठकीच्या आकारात धरलेली असते; हुज्जत घालू नये. खाद्यपदार्थांवर कर बांधून नेल्यास ८ टक्के, बसून खाल्ल्यास १० टक्के. रोख येन थोडे खिशात हवेतच.

एक सकाळ मी १९५८ या सालासाठी राखून ठेवा असं सांगेन. त्या वर्षी ओसाकाच्या उपनगरांत दोन गोष्टी जन्मल्या. इकेदा गावात मोमोफुकु आन्दो यांनी घरामागच्या खोपटात झटपट होणाऱ्या शेवया तयार केल्या, आणि हिगाशी-ओसाकात योशिआकी शिराइशी यांनी फिरत्या पट्ट्यावरची पहिली सुशी चालू केली. बिअरच्या कारखान्यातल्या सरकत्या बाटल्या पाहून त्यांना ते सुचलं. ओसाकातल्या उमेदा स्थानकातून हान्क्यू रेल्वेने वीसेक मिनिटांत इकेदा येतं. तिथल्या कप नूडल संग्रहालयाला प्रवेशशुल्क नाही, आणि आन्दो यांचं ते खोपटं पुन्हा उभं केलेलं आहे. जुनी अवजारं, पीठ, तेलाची कढई, एवढ्याच सामानावर त्यांनी काम केलं. शेवया तळल्या की त्यांतलं पाणी निघून जातं आणि बारीक छिद्रं राहतात. गरम पाणी त्या छिद्रांतून शिरतं म्हणून त्या मिनिटांत शिजतात. मंगळवारी संग्रहालय बंद असतं. परतताना उमेदाच्या हान्क्यू डिपार्टमेंट स्टोअरचं तळघर बघावं. १९२९ मध्ये रेल्वे कंपनीने स्थानकालाच जोडून उभारलेलं हे दुकान, आणि त्याच्या वरच्या मजल्यावरचा करी-भात तेव्हा शहरभर गाजला होता. तळघरात आज लोणच्यांपासून मिठायांपर्यंत सगळं मांडलेलं असतं. बंद व्हायच्या सुमारास तयार जेवणाच्या डब्यांवर सवलतीच्या चिठ्ठ्या लागतात.

आता शाकाहाराविषयी. आपल्याकडची अनेक घरं या एका प्रश्नावर जपानचा बेत रद्द करतात, आणि तो प्रश्न खरा आहे. वर वर्णन केलेलं कित्सुने उदोन दिसायला पूर्ण शाकाहारी: गहू, तोफू, कांद्याची पात. पण रसात मासा आहे. उकडलेला भोपळा, पालक, अंड्याची गुंडाळी, सगळ्यांत तीच दाशी. ‘मांस नको’ एवढं सांगून काम भागत नाही, कारण वाढणाऱ्याच्या डोळ्यांपुढे गाय-डुक्कर-कोंबडी येते, माशाचा अर्क येत नाही. जपानी लिपीत छापलेलं कार्ड जवळ ठेवावं आणि त्यावर मांस, मासे, शिंपल्यांचे प्रकार, कात्सुओची दाशी हे एकेक करून लिहिलेलं असावं. कुशिकात्सुच्या दुकानात कमळकाकडी आणि कांद्याच्या काड्या मिळतात, पण तेल एकच असतं. ते चालतं का हे ज्याचं त्याने ठरवावं. गोडाचं दालन मात्र बरंचसं मोकळं आहे. होझेनजी देवळाजवळच्या बोळात ‘मेओतो झेनझाई’ या दुकानी लाल अझुकी कडधान्याची गोड, दाट खीर एका माणसाला दोन वाट्यांत वाढतात. अझुकी आपल्या चवळीच्याच कुळातली.

पण शाकाहाऱ्यांनी खरं म्हणजे कोयासानला जावं. हाच तो अपवाद. कुकाई या भिक्षूला ८१६ मध्ये हा डोंगर मिळाला आणि त्याने तिथे शिंगोन पंथाचं पीठ वसवलं. नाम्बाहून नान्काई रेल्वे आणि शेवटी दोरखंडाने ओढली जाणारी केबलकार, सगळे मिळून सुमारे दोन तास. डोंगरावरच्या पन्नासेक देवळांत मुक्कामाची सोय आहे, आणि तिथे मिळतं ‘शोजिन र्‍योरी’: मांस नाही, मासा नाही, कांदा-लसूण नाही. दाशीसुद्धा कोम्बू आणि वाळवलेल्या शिताके अळंब्यांची. तिळाच्या दुधात कुझू वेलीच्या मुळाचं सत्त्व घालून घोटलेला, खरवसाइतका मऊ ‘गोमा-दोफू’ इथला खास. गोठवून वाळवलेला, रस शोषून घेणारा ‘कोया-दोफू’ तर या डोंगराचंच नाव लावतो. कंदमुळं वापरतात, त्यामुळे जैन मंडळींनी आधी कळवावं. रात्रीचं जेवण सहाच्या आत-बाहेर उरकतं, पहाटे पूजा असते. ओकुनोइनच्या वनातल्या थडग्यांवर सिद्धम् लिपीतली संस्कृत बीजाक्षरं कोरलेली दिसतात. भारतातून चीनमार्गे गेलेली ही लिपी तिथे आजही लिहिली जाते. तीन दिवसांतली एक रात्र तिथे काढली तर ओसाका थोडं कमी होईल, पण शाकाहारी माणसाला जपानी स्वयंपाक मनात शंका न ठेवता जेवता येईल. मांसाहाऱ्यांनाही मी हे जेवण चुकवू नका असंच सांगेन.

महिना निवडता येत असेल तर नोव्हेंबर पाहावा: हवा कोरडी, खेकड्याचा हंगाम सुरू झालेला. फुगू मासा हिवाळ्यात. तो कापायला परवानाधारक स्वयंपाकी लागतो. जुलैत उकाडा भयंकर, पण ‘हामो’ हा काटेरी मासा तेव्हाच, आणि २४-२५ जुलैला तेन्जिन उत्सव असतो. नववर्षाचे पहिले तीन दिवस, एप्रिलअखेर ते मेचा पहिला आठवडा आणि ऑगस्टचा मध्य टाळावा. एक तर दुकानं बंद, नाहीतर गर्दी.

निघण्याआधी नाम्बाजवळच्या दोगुयासुजी गल्लीत तासभर काढा. उपाहारगृहांना लागणारी भांडीकुंडी विकणारा हा बाजार आहे. ताकोयाकीचा तवाही मिळतो आणि शेजारच्या सकाई शहरात घडवलेले चाकूही. चाकू घेतला तर तो विमानात सोबत नेता येत नाही, मोठ्या सामानात बांधावा लागतो. आणि कोम्बूचं एक पाकीट घ्याच. वजनाला हलकं, कोरड्या जागी वर्षभर टिकतं. एक लिटर पाण्याला दहा ग्रॅम, रात्रभर फ्रिजमध्ये. वरचा पांढरा थर धुऊन टाकू नका. तो बुरशीचा नसतो, चवीचाच भाग असतो.